जुन्या गाडीचा ब्रेक अचानक गेला तर: पॅडल काय सांगतं आणि हातात किती वेळ असतो

घाटमाथा
सुट्ट्या लागल्या की महाबळेश्वर, आंबोली, माळशेजकडे निघणाऱ्या गाड्यांत पंधरा-वीस वर्षांच्या गाड्या भरपूर असतात. मारुती ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, म्हणजे रस्त्यावरची सगळ्यात अलीकडची ८०० सुद्धा आता दहा वर्षांच्या पुढची आहे. जुनी ओम्नी, झेन, सँट्रो, इंडिका यांचंही तेच. या गाड्या अजून उत्तम चालतात, पण त्यांच्या ब्रेकमधलं रबर, पाइप आणि ऑईल गाडीइतकंच जुनं असेल तर घाटातच ते दगा देतं.

उतारावर पॅडल थेट तळाला गेलं तर काय करायचं, याबद्दल तीन सल्ले सर्रास ऐकू येतात: पंप मारा, हँडब्रेक ओढा, गाडी बंद करा. पहिले दोन अर्धवट आहेत आणि तिसरा घातक. जाणकारांनी इथे नेमकं लिहावं ही विनंती. किस्से नकोत, कारण, क्रम, भागांची नावं, मापं एवढंच येऊ द्या, म्हणजे वाचणाऱ्याला निघण्याआधी उपयोग होईल.

पाना_पक्कड
‘ब्रेक फेल’ हा एक बिघाड नाही, निदान चार आहेत. प्रत्येकात पॅडल वेगळं लागतं आणि पायाने करायची गोष्टही वेगळी असते. म्हणून आधी पॅडल ओळखायला शिका.

एक. पॅडल सैल होऊन तळाला जातं, पण भरभर तीन-चार वेळा मारलं की थोडं वर येतं. ब्रेक ऑईलच्या लाइनमध्ये हवा किंवा वाफ आहे, नाहीतर मागचे लायनर (ड्रमला आतून घासून चाक पकडणारे पट्टे) ड्रमपासून फार दूर गेलेत. इथे पंप मारणं हाच इलाज. पाय प्रत्येक वेळी पूर्ण वर उचला. अर्धाच उचलला तर ब्रेक ऑईलच्या टाकीतलं ऑईल मास्टर सिलिंडरमध्ये (पॅडल दाबलं की ऑईलला दाब देणारा मुख्य सिलिंडर) परत भरत नाही आणि मारलेला पंप फुकट जातो.

दोन. पॅडल अर्ध्याहून खाली जातं आणि मग कडक लागतं. हे सगळ्यात जास्त चुकीचं समजलं जाणारं लक्षण. मास्टर सिलिंडरमध्ये एकामागे एक असे दोन पिस्टन असतात आणि प्रत्येकाचं सर्किट वेगळं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत बहुधा तिरपी विभागणी असते, म्हणजे पुढचं एक चाक आणि मागचं विरुद्ध बाजूचं चाक एका सर्किटवर. मागच्या चाकांवर चालणाऱ्यांत बहुधा पुढची जोडी एकीकडे, मागची दुसरीकडे. एक सर्किट फुटलं की त्याचा पिस्टन रिकामाच पुढे सरकतो आणि टेकल्यावर मगच दुसऱ्यात दाब तयार होतो. पॅडलची निम्मी चाल अशी वाया जाते. ‘ब्रेक गेला’ असं वाटून चालक पाय उचलतो आणि उरलेला अर्धा ब्रेकही सोडून देतो. पाय उचलू नका. अंगाचा भार टाकून शेवटपर्यंत दाबा. गाडी दुपटीहून जास्त अंतर घेईल, पण थांबेल.

तीन. पॅडल वरच आहे, दगडासारखं कडक आहे आणि गाडी मंदावत नाही. बूस्टरची (व्हॅक्यूमवर चालणारा, पायाचा जोर वाढवणारा डबा) मदत गेली आहे: व्हॅक्यूमचा पाइप निघाला किंवा चिरला, बूस्टरचा पडदा फाटला किंवा इंजिन बंद पडलं. इथे पंप अजिबात नको. बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम एक-दोन दाबांपुरताच असतो, पंप मारून तो संपतो. दोन्ही पाय ठेवून एकदाच दाबा आणि तसंच धरून ठेवा. जळका उग्र वास येत असेल तर बूस्टर ठीक असून पॅड-लायनर तापून घसरत असतात. पॅडल तसंच कडक, पकड नाही. तिथे खालचा गीअर आणि थोडी उसंत हाच उपाय.

चार. तळाला गेलं आणि कितीही मारलं तरी वर येत नाही. होज (चाकाकडे ऑईल नेणारी रबरी नळी) फुटला, पाइप गंजून तुटला किंवा टाकी कोरडी झाली. सुरुवातीच्या अँबेसेडर-पद्मिनीसारख्या एकाच सर्किटच्या गाडीत तर एक गळती म्हणजे चारही चाकांचा ब्रेक गेला. इथे पॅडलवर वेळ घालवू नका, गीअर आणि हँडब्रेककडे वळा.

याशिवाय पॅडल खालीच जात नसेल तर आधी पायाजवळ बघा: पाण्याची बाटली, घसरलेलं मॅट, चप्पल. गाडीत सुटी बाटली मागून घरंगळत पॅडलखाली येते. उतारावर तर हमखास.

खालचा_गीअर
वर सगळं बरोबर आहे, पण हातात वेळ किती हे आधी लक्षात घ्या. ६० च्या वेगाला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. ‘काय झालं’ हे कळायला तीन सेकंद लागले की ५० मीटर संपले. म्हणून क्रम डोक्यात पक्का हवा.

ॲक्सिलरेटरवरून पाय काढला आहे याची खात्री करा. घाबरल्यावर पाय तिथेच दाबलेला राहतो. पॅडल तळाला जात असेल तर दोन-तीनदा मारा. वर आलं तर तिथेच दाबून धरा. त्याच वेळी एक गीअर खाली: चौथ्यातून तिसरा, क्लच सोडा, वेग पडू द्या, मग दुसरा. एकेकच. चौथ्यातून थेट पहिला टाकायला गेलात तर तो बसत नाही, गाडी न्यूट्रलमध्ये अडकते आणि इंजिनचा होता तोही ब्रेक जातो. हातचा गीअर घालवणं ही या प्रसंगातली सगळ्यात महागडी चूक आहे. लहान पेट्रोल गाडीत दुसरा ५० च्या आत, पहिला २५ च्या आत असं ढोबळ धरा. गीअर बसायला नकार देत असेल तर क्लच दाबलेला ठेवून ॲक्सिलरेटरला एक झटका द्या, मग ढकला. इंजिन ओरडेल, ओरडू द्या.

दुसऱ्या गीअरनंतर हँडब्रेक. टोकाचं बटण अंगठ्याने दाबूनच ठेवा आणि दांडा हळूहळू वर घ्या. बटण दाबलेलं असलं की दात अडकत नाहीत, त्यामुळे मागची चाकं जाम होऊन गाडी आडवी व्हायला लागली तर लगेच सोडता येतं. एकदम खेचलात आणि वळणावर असलात तर मागचा भाग फिरणारच. काही जुन्या गाड्यांत हँडब्रेक डॅशखाली ओढायचा असतो आणि मूठ पिळली की सुटतो. तिथे मूठ पिळलेलीच ठेवून ओढा.

हँडब्रेक फक्त मागच्या दोन चाकांवर केबलने चालतो आणि थांबताना वजन पुढे जातं. त्यामुळे पूर्ण ब्रेकच्या निम्मीही ताकद त्यातून मिळत नाही. ६० ला तो एकटा पुरणार नाही, गीअरने ३० वर आणल्यावर मात्र चांगला धरतो.

किल्लीबद्दल: गाडी धावत असताना इंजिन बंद करू नका. बूस्टर जातो, पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होतं, आणि गडबडीत किल्ली शेवटपर्यंत फिरून निघाली तर स्टिअरिंग लॉक होतं. याला एकच अपवाद आहे. पहिल्या गीअरमध्ये वेग चालण्याइतका उरला असेल, तेव्हा किल्ली फक्त एक टप्पा मागे घ्या. नाहीतर आयडलवरचं इंजिनच गाडीला पुढे ओढत राहतं.

ऑटोमॅटिक असेल तर डी वरून २, मग एल. पी मध्ये धावत्या गाडीत टाकू नका.

पहिली_गाडी
दोघांचे मनापासून आभार. एक शंका: ‘एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर पंप मारू नका’ असंही वाचलं आहे. मग नक्की काय?

पाना_पक्कड
एबीएसचा तो नियम ब्रेक चांगला असताना घसरड्या रस्त्यासाठी आहे; तिथे पंपाचं काम यंत्रणा स्वतः करते. पॅडलच तळाला गेलं असेल तर दाब नाही, आणि दाब नसेल तर एबीएसही काही करू शकत नाही. तेव्हा पंप मारायचाच. आपल्याकडे सगळ्या नव्या कारना एबीएस बंधनकारक झालं ते एप्रिल २०१९ पासून. त्याआधीच्या साध्या मॉडेलमध्ये ते बहुधा नसतंच. किल्ली फिरवल्यावर डॅशवर एबीएसचा पिवळा दिवा क्षणभर लागून विझतो का, त्यावरून कळेल.

कोकणवळण
गाडी कुठे न्यायची हेही ठरलेलं हवं. घाटात डोंगराची बाजू आपली, दरीची नाही. कठड्यावर भरवसा ठेवू नका. जुने दगडी कठडे धडक सोसायला बांधलेले नाहीत.

डोंगराच्या बाजूला आपल्याकडे बहुतेक घाटांत पाण्याचं गटार असतं. वेग ३०-४० च्या आत आला असेल तर डोंगराच्या बाजूची दोन चाकं त्यात उतरवा. गाडीचं पोट काठावर घासतं आणि त्या घासण्यानेच ती थांबते. गटार नसेल तर दरडीला बाजू घासा. कोन अगदी लहान ठेवा, जणू कुंपणाला खेटून चाललोय असा. नाक सरळ दरडीत घातलं तर सगळा वेग एका क्षणात अंगावर येतो. झाडाझुडपांची दाटी, मुरमाचा किंवा खडीचा ढीग, चढाचा फाटा यातलं जे आधी मिळेल ते घ्या. पठारावर असाल तर नांगरलेलं शेत सगळ्यात उत्तम.

डोंगर उजवीकडे असेल, म्हणजे समोरून येणाऱ्यांच्या बाजूला, तर वळण मोकळं दिसल्याशिवाय तिकडे जाऊ नका. तोवर आपल्याच लेनमध्ये गीअरवर वेग पाडत राहा. हॉर्न सतत, दिवे चालू, हजार्ड चालू. हे शेजारी बसलेल्याला सांगा, तुमचे हात मोकळे नाहीत. नागमोडी चालवून वेग पाडायचा प्रयत्न ओम्नीसारख्या उंच, अरुंद गाडीत करू नका, ती कलंडते. कोणीही उडी मारू नये. मागच्या सीटवरच्यांनीही पट्टा लावलेला असावा.

मंदगती
विषयाला धरूनच विचारतो. पेट्रोल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणारे खूप आहेत. इंजेक्शनच्या (कार्बोरेटर नसलेल्या) गाडीत त्याने खरंच वाचतं का?

खालचा_गीअर
वाचत नाही, उलट जातं. इंजेक्शनच्या गाडीत गीअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की पेट्रोलचा पुरवठाच थांबतो. इंजिन चाकं फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र आयडलसाठी पेट्रोल जळत राहतं. कार्बोरेटरच्या जुन्या ८०० मध्ये थोडं वाचेल, पण त्याची किंमत काय ते बघा.

गाडी, चार माणसं आणि सामान मिळून ९०० किलो धरा. ५ किलोमीटरमध्ये ३०० मीटर खाली उतरायचं आहे. आपल्या घाटात हे नेहमीचं. तेवढी उंची उतरताना सुमारे २६ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. टायर आणि हवेचा विरोध त्यातला पाव ते तिसरा हिस्सा घेईल. उरलेली उष्णता खोलीच्या तापमानाचं ६ लिटर पाणी उकळीला आणेल इतकी आहे. दुसऱ्या गीअरमध्ये उतरलात तर त्यातला मोठा भाग इंजिन घेतं. न्यूट्रलमध्ये ती सगळीच्या सगळी १२ इंची चाकात बसणाऱ्या दोन छोट्या डिस्क आणि दोन ड्रममध्ये जाते.

ज्या गीअरमध्ये तो चढ चढता आला असता, त्याच गीअरमध्ये उतरा. ब्रेकवर सतत हलका पाय ठेवू नका. वेग वाढला की तीन-चार सेकंद नीट दाबा, वेग खाली आणा, पूर्ण सोडा. सोडलेल्या त्या वेळात डिस्कला वारा लागतो.

सिलिंडर_किट
आणि ती उष्णता ब्रेक ऑईलमध्ये पोचली की काय होतं ते लिहितो, कारण जुन्या गाडीतल्या ‘अचानक’ बिघाडामागे मला हेच कारण सगळ्यात जास्त वाटतं.

ब्रेक ऑईल हवेतलं पाणी शोषतं. होजच्या रबरातून, टाकीच्या झाकणातून, वर्षानुवर्षं. डॉट ३ (ब्रेक ऑईलची एक प्रत, बाटलीवर लिहिलेली असते) ताजं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मुरलं की हा आकडा १४० वर येतो. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. उकळलं की वाफेचा फुगा तयार होतो. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पॅडल तळाला. अर्ध्या तासाने गार झालं की वाफेचं परत द्रव होतं, पॅडल जागेवर येतं आणि गॅरेजमध्ये ‘ब्रेक तर चांगला आहे’ असं सांगितलं जातं. तो चांगला नाही. ऑईल बदलल्याशिवाय ती गाडी पुन्हा उतारावर नेऊ नका.

ऑईल दर २ वर्षांनी किंवा ४०,००० किलोमीटरला बदला, गाडी उभी असली तरी. नवं ऑईल मधासारखं फिकट आणि पारदर्शक असतं. चहासारखं काळपट झालं असेल तर वाट बघू नका. बाटली फोडली की उरलेलं वर्षभर ठेवून वापरू नका. डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालतं. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही (डॉट ५.१ वेगळं, ते चालतं).

टाकीत इंजिन ऑईल, स्टिअरिंग ऑईल किंवा रॉकेल कधीही जाऊ देऊ नका. ब्रेकमधलं रबर खनिज तेलात फुगतं. चमचाभर गेलं तरी मास्टर सिलिंडरपासून चाकापर्यंतची सगळी सीलं आणि होज बदलावे लागतात. वॉशर किट (सिलिंडरमधल्या रबरांचा संच) पेट्रोलने धुणाऱ्या मेकॅनिकलाही थांबवा. ताजं ब्रेक ऑईल किंवा स्पिरिट, बाकी काही नाही.

पहिली_गाडी
वाटेत गळती होऊन टाकी रिकामी झाली तर पाणी घालून हळूहळू गॅरेजपर्यंत नेता येतं असं सांगतात. ते खरं आहे का?

सिलिंडर_किट
नका करू. पाणी १०० ला उकळतं आणि उतारावर ड्रम आणि कॅलिपर (पॅडने डिस्क पकडणारा भाग) त्याच्या वर सहज जातात. शिवाय जिथून ऑईल गेलं तिथूनच पाणीही जाणार, गळती काही बुजत नाही. गाडी टो करून न्या. टो करतानाही ब्रेक नसलेली गाडी दोरीवर नको, पुढची ओढणारी गाडी थांबली की ती मागून आदळते. उचलून नेणारी गाडी बोलवा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३, इतरत्र अडचण असेल तर ११२.

डिझेलवाला
इंडिका, सुमो अशा जुन्या डिझेल गाड्यांसाठी वेगळं लिहायला हवं. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखा मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम नसतो, म्हणून बूस्टरसाठी वेगळा पंप लागतो आणि तो बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटरच्या पाठीलाच जोडलेला असतो. म्हणजे पट्टा एकच. पट्टा तुटला की डॅशवर लाल बॅटरीचा दिवा लागतो. चालक म्हणतो चार्जिंग गेलं, पुढच्या गावात बघू. तेवढ्यात दोन-तीनदा ब्रेक दाबून साठलेला व्हॅक्यूम संपतो आणि पॅडल दगड होतं. घाटात लाल बॅटरीचा दिवा लागला तर तो ब्रेकचा इशारा समजा आणि पहिल्याच मोकळ्या जागेत थांबा. पट्टा बोटांनी पिळून आतल्या बाजूच्या भेगा बघा, आणि एक जादा पट्टा गाडीत ठेवा.

बूस्टर तपासायची पद्धत पेट्रोल-डिझेल दोघांना सारखीच. इंजिन बंद ठेवून पॅडल चार-पाच वेळा मारा, ते कडक होईल. मग दाबून धरून स्टार्टर मारा. इंजिन चालू होताच पॅडल पायाखाली जरासं खाली सरकलं पाहिजे. सरकलं नाही तर पाइप, त्यातला एकतर्फी व्हॉल्व्ह आणि बूस्टर, या क्रमाने बघा. पॅडल दाबल्यावर सतत ‘स्स्स’ आवाज आणि पेट्रोल गाडीत आयडल डगमगणं म्हणजे पडदा फाटला.

पाना_पक्कड
यात एक भर. ऑईल कमी होतंय, पण चारही चाकं, पाइप, जमीन, सगळं कोरडं: अशा वेळी मास्टर सिलिंडर दोन नट काढून बूस्टरपासून सोडवा आणि मागे बघा. तिथे ओलं असेल तर मागचं सील गळून ऑईल बूस्टरच्या पोटात जातंय. पेट्रोल गाडीत इंजिन ते ओढून घेतं आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. लोक मात्र इंजिन उघडायला निघतात.

सिग्नलला उभं असताना पॅडल हलक्या पण स्थिर दाबाने अर्धा मिनिट धरून बघा. हळूहळू बुडत गेलं आणि टाकीतली पातळी तशीच असेल तर मास्टर सिलिंडरमधली रबरं आतल्या आत दाब सोडताहेत. जोरात दाबलं की रबर पसरतं आणि पॅडल ठीक लागतं, त्यामुळे हे महिनोन्‌महिने लपून राहतं. सिलिंडर उघडल्यावर आतून नख फिरवा: खड्डा किंवा ओरखडा लागला तर किट घालून उपयोग नाही, पूर्ण सिलिंडर नवा घ्या.

पॅड घासून पातळ झाले तरीही पातळी थोडी उतरते, ती गळती नव्हे. ३ मिलिमीटरच्या जवळ आलेले पॅड बदला. डिस्कची किमान जाडी बहुधा डिस्कवरच कोरलेली असते, ती गंज घासून वाचा.

घाटमाथा
ऑईल बदलून हवा काढायची पद्धत कोणी पायरीवार लिहील का? घरी करणारे बरेच आहेत.

सिलिंडर_किट
लागतं: बंद बाटलीतलं ऑईल, लहान गाडीला पूर्ण बदलायला १ लिटर हाताशी असू द्या, निपलच्या (चाकाजवळचा, हवा काढायला सैल करायचा छोटा स्क्रू) मापाचा रिंग पाना (बहुधा ८ किंवा १० चा), निपलवर घट्ट बसणारी पारदर्शक नळी, काचेची बाटली आणि पॅडलवर एक शांत माणूस.

निपल गंजलेले असतील तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. उघड्या तोंडाचा पाना लावू नका, कड झिजली की निपल तुटतो आणि मग कॅलिपरच बदलावा लागतो. टाकीतलं जुनं ऑईल पिचकारीने ओढून काढा, टाकी पुसा, नवं भरा. आपल्याकडे मास्टर सिलिंडर उजवीकडे, म्हणून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. गाडीच्या पुस्तिकेत वेगळा क्रम दिला असेल तर तोच धरा, तिरप्या सर्किटच्या काही गाड्यांत तो वेगळा असतो.

नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑईलमध्ये बुडालेलं हवं. ‘दाब’ म्हटल्यावर पॅडल सावकाश दाबून धरायचं, पाव फेरा निपल उघडायचा, नळीतून फुगे-काळं ऑईल येतं, निपल बंद, आणि मगच ‘सोड’. निपल उघडा असताना पाय उचलला तर हवा परत आत. फुगे थांबून स्वच्छ ऑईल येईपर्यंत चालू ठेवा. दर पाच-सहा दाबांनी टाकी बघा. ती एकदा रिकामी झाली की सगळं पहिल्यापासून. बाटलीत जमलेलं परत टाकीत नाही.

जुन्या गाडीत एक काळजी फार महत्त्वाची: पॅडलखाली लाकडाचा दीड-दोन इंची ठोकळा ठेवा. वर्षानुवर्षं पिस्टन सिलिंडरच्या ठरावीक भागातच फिरलेला असतो, पुढचा भाग गंजून खरखरीत झालेला असतो. हवा काढताना पॅडल तळापर्यंत गेलं की रबराच्या कडा त्या खरखरीत भागावर कापल्या जातात. सकाळी चांगला असलेला मास्टर सिलिंडर संध्याकाळी बुडायला लागतो तो असा.

ऑईल रंगावर सांडलं तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता.

कोकणवळण
किनाऱ्यालगत गाडी असेल तर मागच्या ॲक्सलजवळचे लोखंडी पाइप टॉर्च लावून बघा, विशेषतः क्लिपखाली. खारी हवा आणि चिखल तिथे साठतो आणि गंज आतून फुगत जातो. पाइप बोटांना पापुद्र्यासारखा लागला तर बदला, वर रंग मारून काही होत नाही. होज बघताना कोणाला तरी पॅडल जोरात दाबायला सांगा, रबर कुठे फुगतं का ते दिसेल. होज आतूनही मिटतो: ऑईल दाबाने जातं पण परत येत नाही आणि त्या चाकाचा ब्रेक लागलेलाच राहतो. ५-१० किलोमीटर चालवून चारही चाकांजवळ तळहात धरा (टेकवू नका). एकच चाक जास्त शेकत असेल तर तिथला होज किंवा अडकलेला कॅलिपर. चारही किंवा पुढची दोन्ही शेकत असतील तर मास्टर सिलिंडरचा रॉड लांब झालाय, नाहीतर ब्रेक लाइटचा स्विच पॅडलला दाबून धरतोय.

हँडब्रेक ४ ते ७ ‘कट्ट’मध्ये पूर्ण धरायला हवा. पावसाळा संपल्यावर केबलमध्ये गंज चढतो आणि दांडा वर येतो पण चाक मोकळंच राहतं. मोकळ्या सपाट मैदानात २० च्या वेगाला बटण दाबून ओढून बघा. गाडी एका बाजूला खेचली तर एक केबल किंवा एका बाजूचे लायनर गेलेत. रोज वापरलेला हँडब्रेकच ऐन वेळी चालतो.

खालचा_गीअर
गाडी थांबल्यावरचं राहिलं. उतार पुढे असेल तर रिव्हर्स, चढ असेल तर पहिला गीअर, आणि चाकांना मोठे दगड. ड्रम फार तापलेले असतील तर दगड नीट लागल्यावर हँडब्रेक सोडा: गार होताना ड्रम आकसतो आणि लायनर आत घट्ट अडकतात. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, तडा जातो किंवा ती वाकडी होते. त्रिकोण वळणाच्या अलीकडे ठेवा, गाडीच्या मागे चार पावलांवर ठेवून उपयोग नाही. माणसं डोंगराच्या बाजूला, गाडीपासून दूर.

पहिली_गाडी
धागा वाचून गाडीखाली पाहिलं. २००६ ची ८०० आहे. मागच्या डाव्या टायरच्या आतल्या अंगाला बोटभर रुंद ओला ओघळ आहे आणि टाकीची पातळी किमान रेघेला टेकली आहे. हे ब्रेक ऑईलच आहे की बेअरिंगचं ग्रीस वितळलंय, कसं ओळखू?

पाना_पक्कड
बोटाला घ्या आणि पेलाभर पाण्यात बुडवा. ग्रीस किंवा इंजिन ऑईल असेल तर वर तवंग धरतं, ब्रेक ऑईल पाण्यात विरघळून नाहीसं होतं. मग हात साबणाने धुवा.

विरघळलं तर व्हील सिलिंडर (चाकातला, लायनर ढकलणारा लहान सिलिंडर) गळतोय. ड्रम काढून सिलिंडरच्या दोन्ही टोकांची रबरी टोपी नखाने जरा उचला, आत थेंब सापडेल. सिलिंडर डावा-उजवा दोन्ही बदला, वय सारखंच आहे. ऑईल प्यायलेले लायनर पेट्रोलने धुऊन किंवा घासून परत लावू देऊ नका; तापले की आत मुरलेलं ऑईल पुन्हा वर येतं आणि तेच चाक पकडत नाही. लायनर मागच्या दोन्ही चाकांचे नवे, ड्रम ब्रेक क्लीनरने स्वच्छ, मग चारही चाकांची हवा काढून नवं ऑईल. टाकी नुसती वरून भरून गाडी चालवू नका. गॅरेज जवळ असलं तरी मेकॅनिकला घरी बोलवा.

पहिली_गाडी
पाण्यात विरघळलं. मेकॅनिकला उद्या सकाळी घरीच बोलावलं आहे, दोन्ही सिलिंडर आणि लायनर घेऊन. चाकांना विटा लावून ठेवल्या आहेत.